जुन्या आगविमा कंपन्यांच्या हातात कायद्याने नेमकं काय होतं?

सांजवारा

नमस्कार मंडळी,

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की जुन्या लंडनमध्ये घरावर विमा कंपनीची पाटी नसली तर बंबवाले हाताची घडी घालून उभे राहायचे आणि घर जळू द्यायचे. तेव्हा घाईत होतो म्हणून उत्तर दिलं नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मला ते पटत नाही; पाटी असो-नसो, बंबवाले आग विझवतच होते. तीस वर्षं आगीच्या नुकसानीचे सर्व्हे केले आहेत. भिवंडीच्या गोदामांपासून साताऱ्याच्या किराणा दुकानांपर्यंत जळलेलं बरंच पाहिलंय. म्हणून हा विषय जरा नीट मांडतो.

सुरुवात १६६६ च्या सप्टेंबरापासून करावी लागेल. लंडन चार-पाच दिवस जळत होतं. १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली. त्या आगीतला एक माणूस मला कायम आठवतो, तिथला नगरप्रमुख थॉमस ब्लडवर्थ. पहिल्याच रात्री लोक त्याच्या मागे लागले होते की पुढची घरं पाडा, म्हणजे आग तिथे अडेल. तो कचरला. मालकांना न विचारता घरं पाडली आणि उद्या ती पुन्हा बांधून द्यायची वेळ आली तर पैसे कोण देणार, हा त्याचा प्रश्न होता. शेवटी घरं पाडा हा राजाचा हुकूम घेऊन रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस त्याच्याकडे गेला, पण तोवर आग हाताबाहेर गेली होती. इतिहासात ब्लडवर्थला भरपूर शिव्या मिळाल्या. मला मात्र वाटतं की त्याने विचारलेला प्रश्न खरा होता आणि त्या दिवशी लंडनमध्ये कुणाकडेच त्याचं उत्तर नव्हतं.

आग विझल्यावर दुसरं संकट उभं राहिलं. बहुतेक घरं भाडेपट्ट्याने दिलेली, आणि पट्ट्यात दुरुस्तीची जबाबदारी भाडेकरूवर. म्हणजे राखेच्या ढिगावर उभ्या असलेल्या भाडेकरूने घरही बांधायचं आणि भाडंही चालू ठेवायचं. हे भांडण सोडवायला पार्लमेंटने खास न्यायालय नेमलं. कोणी किती खर्च सोसायचा ते न्यायाधीश प्रत्येक घराचं वेगळं ठरवत.

त्यानंतर १६८० मध्ये निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने ‘फायर ऑफिस’ काढलं. हप्ता वर्षभाड्यावर: विटांच्या घराला अडीच टक्के, लाकडीला पाच. पुढे १६९६ मध्ये ‘हँड इन हँड’, १७१० मध्ये ‘सन फायर ऑफिस’. या मंडळींनी थेम्सवरचे नावाडी पगारावर ठेवले, त्यांना डगला आणि बिल्ला दिला. कायद्याने यांना दिलेलं पहिलं ठळक संरक्षण या नावाड्यांबद्दलचंच आहे. त्या काळी आरमारासाठी नावाड्यांना रस्त्यातून धरून नेत. १७०७ च्या कायद्याने प्रत्येक विमा कचेरीच्या तीस माणसांना या धरपकडीतून सूट दिली.

दुसऱ्याचं दार फोडायचा, घर पाडायचा, मालकाला बाहेर काढायचा अधिकार मात्र त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांची खरी ताकद पॉलिसीच्या कागदात होती, आणि त्या कागदाविरुद्ध न्यायालयं आणि पार्लमेंट पुढे दोनशे वर्षं झगडत राहिले. त्यावर बोलू या.

कुंभारवाडा

छान धागा. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

पण एक शंका. पाटी असो-नसो, आग विझवतच होते म्हणता, तर मग पाटी लावायची कशाला? कंपनीची माणसं आहेत, पगार कंपनी देते, मग बिनविम्याच्या घरावर ती पाणी का घालतील? मला तरी ती गोष्ट खरी वाटते.

सांजवारा

@कुंभारवाडा, शंका रास्त आहे.

पाटी शिशाची असे आणि सुरुवातीच्या पाट्यांवर पॉलिसीचा नंबर ठोकलेला असे. त्या काळात घरांना क्रमांक नव्हते. कुठलं घर आपल्याकडे उतरवलंय हे कंपनीच्या माणसाला ओळखता यावं म्हणून ती खूण. शिवाय रस्त्यावर फुकटची जाहिरात.

आता पगाराचं. त्याच १७०७ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बंब ठेवायला लावलं आणि बक्षीस ठरवून दिलं: आगीपाशी पहिल्या पोचणाऱ्या बंबाला ३० शिलिंग, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०. ते द्यायचं पॅरिशने, घराचा विमा असो वा नसो. म्हणजे धावत जाण्यातच फायदा होता. आणि घरं एकमेकांना चिकटलेली. पेटलेल्या घराचा विमा नसला तरी शेजारचं घर आपल्याच कंपनीकडे असण्याची शक्यता असायची. कुठला व्यवहारी माणूस ते जळू देईल? ‘पाटी नव्हती म्हणून जळू दिलं’ अशी त्या काळची भक्कम नोंद माझ्या वाचनात नाही. गोष्ट ऐकायला चुरचुरीत आहे म्हणून टिकली.

देलावेअरकाठ

फिलाडेल्फियात राहते, त्यामुळे रोजच्या वाटेवरच्या पाट्यांबद्दल लिहिते. इथल्या जुन्या वस्तीत विटांच्या घरांवर पहिल्या मजल्याच्या खिडक्यांच्या वर अजून त्या दिसतात. सगळ्यात ओळखीची म्हणजे लाकडी फळीवर बसवलेले, एकमेकांची मनगटं धरलेले चार हात. ती ‘फिलाडेल्फिया काँट्रिब्युशनशिप’ची, १७५२ ची, बेंजामिन फ्रँकलिन संस्थापकांपैकी.

या कंपनीने १७८१ मध्ये ठरवलं की घरासमोर झाड असेल तर विमा नाही, कारण झाडामुळे बंबाला आणि पाण्याला अडचण होते. सावलीची झाडं लोकांना तोडवेनात. त्यातून १७८४ मध्ये दुसरी कंपनी निघाली, ती झाडवाल्या घरांचा विमा घेई, आणि तिच्या पाटीवर हिरवं झाड आलं. मला हे फार विलक्षण वाटतं. नगरपालिकेने झाडाबद्दल काही म्हटलेलं नाही, सरकारने नाही, पण एका कंपनीने ‘विमा देणार नाही’ म्हटलं की गल्लीतल्या झाडांवर कुऱ्हाड यायची वेळ येते. सांजवारा काका म्हणतात ती कागदाची ताकद हीच असावी.

बाररूम

वकिली करतो, विम्याची कामं बरीच असतात. कायद्याच्या बाजूने थोडी भर.

आधी सनदेचं. १७२० च्या ‘बबल अॅक्ट’ने दोन विमा कंपन्यांना राजाची सनद मिळाली, रॉयल एक्स्चेंज आणि लंडन अॅश्युरन्स. त्या बदल्यात दोघींनी राजाच्या खर्चासाठी प्रत्येकी ३ लाख पौंड द्यायचं कबूल केलं होतं. निम्मी रक्कम पुढे माफ झाली. सनद आधी सागरी विम्याची होती, १७२१ मध्ये आग आणि आयुर्विमाही त्यात आला. सनद म्हणजे कंपनी कायद्याने एक व्यक्ती झाली, स्वतःच्या नावाने दावा लावू शकते. ‘सन’ला सनद नव्हती. लंडनमधली एवढी मोठी कचेरी, पण कायद्याच्या नजरेत ती नुसती भागीदारांची टोळी. अशा कंपन्यांना सचिवाच्या किंवा खजिनदाराच्या नावाने दावा लावता यावा म्हणून पुढे १९ व्या शतकाच्या सुरुवातीला पार्लमेंटकडून एकेकीसाठी वेगळे कायदे करून घ्यावे लागले.

आता माझ्या आवडीचा भाग. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगल झाली, घरं पेटवली गेली. दंगलीत घर उद्ध्वस्त झालं तर त्या भागातल्या रहिवाशांकडून सामायिक भरपाई घ्यायची असा आधीपासूनचा कायदा होता. मेसन नावाच्या माणसाला विमा कंपनीने पैसे दिले आणि मग त्याच्या नावाने कंपनीने रहिवाशांवर दावा लावला. रहिवासी म्हणाले, याला विम्याचे पैसे मिळालेत की, आता आम्ही कशाला द्यायचे? १७८२ मध्ये न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने ते ऐकलं नाही. हप्ता मेसनने भरला तो रहिवाशांच्या सोयीसाठी नव्हे, मूळ जबाबदारी तुमचीच, कंपनी त्याच्या जागी उभी आहे. दुसऱ्याच वर्षी लंडन अॅश्युरन्सने असाच दावा स्वतःच्या नावाने लावला आणि तो फेटाळला गेला.

म्हणजे विमा कंपनी तुमच्या चपलेत पाय घालून कोर्टात चालू शकते, पण चप्पल तुमचीच हवी. आज क्लेम घेताना ‘सब्रोगेशन लेटर’वर, म्हणजे तुमच्या जागी उभं राहून वसुली करायचा हक्क कंपनीला देणाऱ्या पत्रावर, सही करून घेतात, ते याच निकालांच्या वंशातलं.

ओवी

वाचनखूण साठवली. सगळ्यांचे आभार, इतकं सोपं करून सांगताय.

माझा प्रश्न मात्र जुन्या लंडनचा नाही. मामांचं दुकान भाड्याच्या गाळ्यात, चाळीस वर्षं. मार्चमध्ये शॉर्टसर्किटने जळलं. इमारतीचा विमा घरमालकाचा, मालाचा मामांचा. मामांना मालाचे थोडेफार मिळाले. घरमालकाने इमारतीचे पैसे घेतले आणि आता म्हणतो, गाळाच राहिला नाही तर भाडेकरार कसला? मी गेले होते तेव्हा मामा भिजलेल्या साखरेच्या पोत्यांवर बसले होते. खाली पाकाचा काळा थर जमला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या, आणि हातात दुकानाची किल्ली होती. शटर वितळून वाकलेलं, किल्लीचा काही उपयोग नव्हता, तरी ती त्यांनी सोडली नाही. त्या पैशांवर मामांचा काहीच हक्क नाही का?

बाररूम

ओवीताई, वाचून वाईट वाटलं. तुमचा प्रश्न थेट धाग्याच्या गाभ्यातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

लंडनमध्ये नेमकी हीच तक्रार होती. विमा एकाचा, राहणारा दुसरा, गहाण तिसऱ्याकडे. पैसे हातात पडले की मालक निघून जाई आणि जागा तशीच पडे. काही जण तर पैशासाठी स्वतःच आग लावत. लंडनमधल्या आगी रोखण्यासाठी केलेल्या १७७४ च्या कायद्याच्या ८३ व्या कलमात ‘दुष्ट बुद्धीच्या लोकांना’ आळा घालण्याचा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे. कलम असं: त्या घरात ज्याचा हितसंबंध आहे अशा कोणीही मागणी केली, किंवा कंपनीला आग लावल्याचा संशय आला, तर कंपनीने विम्याची रक्कम घर पुन्हा उभारण्यातच खर्च करायची. यात कंपनीला अधिकार दिलाय आणि बंधनही घातलंय. विमा उतरवणाऱ्याला रोख हवी असेल तर रक्कम ठरल्यापासून साठ दिवसांत ती घरातच खर्च होईल याची पुरेशी हमी द्यायची. भाडेकरूलाही ही मागणी करता येते. अट एकच, मालकाला पैसे जाण्याआधी मागणी व्हायला हवी. १८६३ च्या एका खटल्यात हितसंबंध असलेल्याने स्वतःच घर बांधून कंपनीकडे खर्च मागितला, तो मिळाला नाही. कंपनीकडून बांधून घेण्याचा हक्क वेगळा, स्वतः बांधून बिल पाठवणं वेगळं. इंग्लंडमध्ये हे कलम आजही जिवंत आहे.

आपल्याकडे इतकं रुंद कलम नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४९ आहे. विमा असलेली मिळकत मोबदला घेऊन हस्तांतरित केली आणि आग लागली, तर घेणाऱ्याला म्हणता येतं की विकणाऱ्याला मिळालेले विम्याचे पैसे मिळकत उभी करण्यात घाला. हे कलम मला फार शहाणं वाटतं, कारण १८८१ मध्येच इंग्लंडमध्ये याच्या उलट झालं होतं. लिव्हरपूलची एक इमारत ३,१०० पौंडांना विकायचा करार झाला, ताबा जायच्या आत आग लागली, विकणाऱ्याला विम्याचे ३३० पौंड मिळाले. खरेदीदाराने ते मागितले, कोर्टाने दिले नाहीत. मग विकणाऱ्याला पूर्ण किंमतही मिळाली आणि विमाही. १८८३ मध्ये कंपनीने ते ३३० परत वसूल केले. खरेदीदाराच्या हाती जळकी इमारत राहिली ती राहिलीच.

भाडेकरूने मात्र कलम ४९ दाखवून पैसे मागितले तर वाद होईल, तुम्हाला खोटी आशा लावत नाही. पण भाडेकरार संपला हे घरमालकाचं म्हणणं मान्य करू नका. कलम १०८ (ई) प्रमाणे आगीने जागा वापरण्याजोगी राहिली नाही तर पट्टा रद्द करायचा पर्याय भाडेकरूकडे असतो, मालकाकडे नाही. आणि आपल्या सांगलीचं एक प्रकरण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांपुढे गेलं होतं. तिथे इमारत महापालिकेने पाडली होती. न्यायालयाने म्हटलं की भाड्यात जमीनही येते, इमारत गेली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. मामांना सांगा, किल्ली देऊ नका, कशावरही सही करू नका, आणि सगळे कागद घेऊन जवळच्या वकिलाकडे आठवड्याच्या आत जा.

सांजवारा

बाररूम यांचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा. ओवी, मामांना नमस्कार सांग.

मी कागदाच्या ताकदीबद्दल म्हणत होतो त्याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं १७९६ चं. फिनिक्स कंपनीच्या पॉलिसीत अट होती: आग लागली तर त्या पॅरिशचा पाद्री, चर्चवॉर्डन (चर्चचा कारभार बघणारे) आणि काही प्रतिष्ठित रहिवासी यांचा दाखला आणायचा, की हा माणूस सचोटीचा आहे आणि नुकसान खरोखर झालं आहे. एका क्लेममध्ये काही रहिवाशांनी दाखला दिला. पाद्री आणि चर्चवॉर्डननी सही नाकारली. का नाकारली याचं कारण नीट नव्हतं. खालच्या कोर्टात विमाधारक जिंकला, पण वरच्या ‘किंग्ज बेंच’ न्यायालयापुढे हरला. तिथले न्यायाधीश लॉर्ड केनयनचं म्हणणं, अट म्हणजे अट, ती पुरी झाली नाही तर क्लेम उभाच राहत नाही, पाद्री चुकला असला तरी. कल्पना करा, तुमच्या घराचे पैसे गावच्या पाद्रीबुवांच्या मर्जीवर.

त्या पाद्र्याच्या जागी आपल्याकडे आम्ही सर्व्हेयर आलो. १९३८ च्या विमा कायद्याचं ६४ यूएम कलम ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयरचा अहवाल सक्तीचा करतं. नोकरीत असताना या जबाबदारीचं ओझं मला रोज जाणवायचं. दुकानदार मागे मागे फिरतो, चहा आणतो, आणि आपण वहीत काय लिहितो ते वाकून बघतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं की सर्व्हेयरचा अहवाल महत्त्वाचा, पण शेवटचा शब्द नव्हे. ते वाचून मला बरंच वाटलं. कुणाचीही सही शेवटचा शब्द असू नये.

दुसरं उदाहरण मुंबईचं. कापडाच्या जळालेल्या गठ्ठ्यात आठवड्यानंतरही धग असते. वरून ओला, गार, आणि मध्ये हात घातला की कोपरापर्यंत ऊब लागते. यंत्रांचं तर आग विझल्यावरच खरं नुकसान सुरू होतं. पाण्याने गंज चढतो, रोज थोडा थोडा. पॉलिसीत कंपनीला अधिकार असतो की आगीनंतर जागेचा ताबा घ्यायचा, माल काढायचा, वाचवायचा. मग कंपनीच्या ताब्यात असताना जे बिघडलं ते कोणाच्या माथी? अहमदभॉय हबीबभॉय विरुद्ध बॉम्बे फायर अँड मरीन इन्शुरन्स कंपनी, १९१२, हा खटला थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेला. कौन्सिलने म्हटलं, आग विझली त्या क्षणाचं नुकसान धरायचं नाही. कंपनीने ताबा सोडला तेव्हा वस्तू ज्या अवस्थेत होती ते धरायचं, आगीपासून सरळ ओघाने आलेलं नुकसान त्यात आलं. ताबा घेण्याचा अधिकार वापरलात तर गंजही तुमचा. मी ज्युनिअर असताना साहेबांनी हा निकाल मला उभं करून वाचायला लावला होता.

आल्प्सची_पायवाट

स्वित्झर्लंडहून. कंपनीला अधिकार किती, याचं दुसरं टोक इथे आहे. १८०५ मध्ये आरगाउ कँटनने (कँटन म्हणजे इथलं राज्य) सरकारी इमारत विमा सुरू केला, पुढे एकेक कँटन त्या वाटेने गेलं. आज १९ कँटनांत इमारतीचा आगविमा सरकारी संस्थेकडूनच घ्यावा लागतो, दुसरा पर्याय नाही. अग्निप्रतिबंधाचं कामही त्याच बघतात. हॅम्बुर्गची ‘फॉयरकासे’ तर १६७६ ची, बार्बनच्याही आधीची, शहर सरकारने काढलेली. म्हणजे लंडनची वाट ही एकमेव वाट नव्हती.

कुंभारवाडा

सांजवारा, पाटीबद्दल पटलं. मग शेवटी कंपन्यांचे बंब सरकारकडे कसे गेले? आणि ब्लडवर्थच्या प्रश्नाचं काय झालं?

सांजवारा

@कुंभारवाडा, दोन्हीचं उत्तर एकाच कायद्यात आहे.

१८३३ मध्ये लंडनच्या दहा कंपन्यांनी आपली माणसं एकत्र करून एक दल उभारलं, प्रमुख जेम्स ब्रेडवुड. २२ जून १८६१ ला टूली स्ट्रीटच्या धक्क्यावरच्या वखारींना आग लागली. भिंत कोसळून ब्रेडवुड त्याखाली गेला. नुकसान वीस लाख पौंडांच्या आसपास. कंपन्यांनी सरकारला कळवलं की हे ओझं आम्हाला यापुढे झेपणार नाही. १८६५ च्या कायद्याने महानगराचं अग्निशमन दल झालं आणि १ जानेवारी १८६६ पासून कामाला लागलं. कंपन्यांनी दर दहा लाख पौंडांच्या विम्यामागे ३५ पौंड त्याला द्यायचे. माल वाचवायला कंपन्यांनी आपलं ‘साल्व्हेज कोअर’ ठेवलं आणि दलाने त्याला मदत करायची हेही कायद्यात आलं.

त्याच कायद्याचं १२ वं कलम. आगीच्या जागी दलाच्या अधिकाऱ्याला दार फोडता येईल, इमारत पाडता येईल, आणि असं करताना झालेलं नुकसान विम्याच्या दृष्टीने आगीचंच नुकसान धरलं जाईल. म्हणजे पाडा, पैसे विमा कंपनी देईल. ब्लडवर्थच्या प्रश्नाला १९९ वर्षांनी उत्तर मिळालं.

बाररूम

कागदाच्या ताकदीत मुंबईची आणखी एक अट घाला. जुन्या पॉलिसींत लिहिलेलं असे की क्लेम नाकारल्यापासून तीन महिन्यांत दावा लावला नाही तर सगळा हक्क बुडाला. कायद्याची मुदत काही वर्षांची, पॉलिसीची तीन महिने. बडोदा स्पिनिंग विरुद्ध सत्यनारायण मरीन अँड फायर या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ही अट वैध ठरवली होती, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. हक्क बुडवणाऱ्या अशा अटी रद्दबातल व्हाव्यात म्हणून करार कायद्याचं २८ वं कलम बदललं ते १९९७ मध्ये. मधली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं किती गिरणीवाले आणि दुकानदार तीन महिन्यांच्या त्या ओळीवर अडकले असतील, विचार करवत नाही.

ओवी

काल मामांकडे जाऊन आले. बाररूम दादांचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. ‘पर्याय भाडेकरूकडे’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग पत्र्याच्या पेटीतून मूळ भाडेचिठ्ठी निघाली, १९८४ ची, कडा करपलेल्या पण सही वाचता येते. आतली जागा लांबी-रुंदीसकट लिहिली आहे आणि खाली ‘मागील मोकळ्या जागेसह’ असे शब्द आहेत. परवा सकाळी अकराला वकिलाची वेळ घेतली आहे. ही चिठ्ठी मूळ न्यावी की झेरॉक्स?

बाररूम

दोन झेरॉक्स न्या, मूळ फक्त दाखवा आणि परत आणा. ‘मागील मोकळ्या जागेसह’ या ओळीवर वकिलांचं लक्ष मुद्दाम वेधा.